आधी पुंडलिक, मग पांडुरंग

चि. समीर यास,


पुढच्या रविवारी मित्रांबरोबर पंढरपूरला निघालायस, हे वाचून बरं वाटलं. दर्शनाला किती वेळ लागेल, असं विचारलंस. एकादशी टाळून जातोयस, तेव्हा रांग बेताची असेल. फारच लांब दिसली तर मुखदर्शनाची वेगळी सोय आहे. पण मला सांगायचंय ते रांगेत उभं राहण्याआधीचं. पंढरीत देवाआधी भक्ताला भेटायची रीत आहे, आणि या क्षेत्राचं मर्म त्या क्रमातच आहे.

आधी चंद्रभागेवर जा. वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ आहे. देव दारी आला तेव्हा हा आईबापांचे पाय चेपत होता, अशी कथा. तो उठला नाही. वीट सरकवली आणि जरा थांब म्हणाला. देव थांबला, तो अजून कमरेवर हात ठेवून उभाच आहे. दादाचे, म्हणजे तुझ्या बाबांचे, गुडघे दुखतात आणि तुमच्या गाडीत जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी निघण्याआधी त्याला एकदा विचार. तो नाहीच म्हणेल, पण विचारलंस याचं त्याला अप्रूप वाटेल.

मग घाट चढून महाद्वारात ये. तिथे नामदेव पायरी आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी मागून घेतलेली ही जागा. तीवर पाय देऊ नकोस, हात लावून नमस्कार कर. समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं, त्यात चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या असं सांगतात. अस्थी दाराशी आल्या, पण अस्पृश्य ठरवलेल्या चोखोबांच्या माणसांना ते दार उघडायला सहा शतकं लागली. त्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना याच गावात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. क्षेत्राचं पावित्र्य सांगताना ही गोष्ट लोक गाळतात. तू गाळू नकोस. तुझ्याबरोबरच्या मित्रांनाही तिथे थांबवून सांग.

एवढं झाल्यावर आत जा. पायांवर डोकं टेकशील तेव्हा मागचा ढकलेल, सेवेकरी ‘चला, पुढे चला’ म्हणत असतील. डोळे भरून पाहीन म्हणशील तर जमायचं नाही. काही मागायचंही सुचणार नाही, आणि तेच बरं. तुझ्या आधी त्याच जागी कुणी शेतमजूर टेकला असेल, तुझ्यानंतर कुणी साहेब टेकेल. ही बरोबरी फुकट मिळालेली नाही, हे चोखोबांपाशी थांबून आलेल्यालाच उमजतं.

परतताना चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का घे. आणि वेळ कमी पडलाच, तर मुखदर्शन घेऊन नीघ, विठोबा रागवायचा नाही. पण पुंडलिक आणि चोखोबा चुकवू नकोस.

तुझी,
आत्या