अकरा नंबरचा बावटा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी समुद्रकाठच्या बंदरात गेला आहात का? तेथे एक उंच खांब असतो. समुद्रात वादळ तयार झाले, की हवामान खात्याकडून बंदराला इशारा येतो आणि त्या खांबावर धोक्याची खूण चढवली जाते. दिवसा शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा असतात आणि रात्री लाल व पांढरे दिवे असतात. कोकणात या खुणेला 'बावटा' म्हणतात. "तीन नंबरचा बावटा लागला," असे कानांवर पडले, की कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात.

या बावट्यांचे क्रमांक १ ते ११ असे आहेत. पहिले दोन बावटे सांगतात, की वादळ दूर समुद्रात आहे. ३ आणि ४ हे बंदरातील लोकांना सावध करतात. ५ ते ७ हे धोक्याचे बावटे आहेत आणि ८ ते १० हे महाधोक्याचे. दहावा बावटा लागला, की समजायचे, भयंकर वादळ बंदरावरून किंवा त्याच्या अगदी जवळून जाणार आहे.

मग अकरावा बावटा कशासाठी? दहाव्यापेक्षा मोठे वादळ ते कोणते? अकराव्या बावट्याचा अर्थ वेगळाच आहे. तो सांगतो, "हवामान खात्याशी आमचा संपर्क तुटला आहे." वादळ कोठे आहे, कोणत्या दिशेने येत आहे, हे आता बंदराला कळू शकत नाही. वाऱ्याचा जोर कितीही असो, तो माहीत असला तर माणूस काही उपाय करू शकतो. पण खबरच आली नाही, तर तो काय करणार? म्हणून संपर्क तुटणे हासुद्धा मोठाच धोका मानला गेला.

आपल्या देशात वादळाचा इशारा देण्याची पद्धत फार जुनी आहे. १८६४ साली कलकत्त्याला मोठे चक्रीवादळ झाले. हजारो माणसे दगावली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. त्या काळी दूरचा निरोप तारेने जात असे. तारेसाठी खांब लागत आणि वादळात खांबच पडत. म्हणजे ज्या तारेने वादळाची खबर आणायची, तिलाच वादळ तोडून टाकत असे.

तुम्ही म्हणाल, "आता तारेचे दिवस गेले. आता घरोघरी मोबाइल आहेत." खरे आहे. पण ३ जून २०२० रोजी काय झाले, ते पाहा. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील घरांचे पत्रे आणि कौले उडाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब कोसळले आणि त्याबरोबर फोनही मुके झाले. कित्येक गावांत ते अनेक दिवस मुकेच राहिले. मुंबईत आणि परदेशात असलेल्या नातेवाइकांना आपल्या माणसांची खुशाली कळेना. खिशात फोन होता, पण निरोप जात नव्हता.

असे का होते? मोबाइल हा खरे म्हणजे एक छोटा रेडिओ आहे. तो आपला आवाज लहरींच्या रूपाने जवळच्या मनोऱ्याकडे पाठवतो. मनोऱ्याकडून तो निरोप टेलिफोन केंद्राकडे जातो आणि तेथून पुढे समोरच्या माणसापर्यंत पोहोचतो. ही एक साखळीच आहे. साखळीची एक कडी तुटली, तरी निरोप अडतो.

पहिली कडी विजेची. मनोऱ्यावरील यंत्रांना वीज लागते. वीज गेली, की मनोऱ्याजवळच्या बॅटऱ्या काही तास काम देतात. पुढे डिझेलवर चालणारा जनरेटर लागतो. पण झाडे पडून रस्ते बंद झाले, तर डिझेल पोहोचणार कसे? म्हणून पुष्कळदा मनोरा वादळात टिकतो आणि वादळ गेल्यावर काही तासांनी बंद पडतो.

दुसरी कडी मनोरा आणि टेलिफोन केंद्र यांच्यामधील. हा निरोप काचेच्या बारीक तंतूंच्या केबलमधून जातो किंवा मनोऱ्यावरच्या वाटोळ्या तबकड्यांमधून लहरींनी जातो. खांबावरची केबल झाड पडल्याने तुटते. जमिनीखालची केबलही मोठे झाड मुळासकट उपटले गेले, तर तुटू शकते. तबकडीची दिशा वाऱ्याने थोडी जरी बदलली, तरी समोरच्या तबकडीशी तिचा मेळ बसत नाही.

तिसरी कडी आपल्याच हातात असते. वादळ शमताच हजारो लोक एकाच वेळी फोन लावू लागतात. जे थोडे मनोरे चालू असतात, त्यांच्यावर सगळा भार येतो. अरुंद पुलावर एकदम शेकडो गाड्या आल्या तर कोणीच पुढे सरकत नाही. तसेच येथे होते. आजारी माणसासाठी मदत मागणाऱ्याचा फोनही त्या गर्दीत अडकतो. लिखित संदेशाला मात्र फार थोडी जागा लागते. तो रांगेत थांबतो आणि वाट मोकळी होताच पुढे जातो.

आता प्रश्न असा, की फोन बंद पडणारच असेल, तर माणसांनी काय करावे? याचे उत्तर ओडिशा राज्याने मोठी किंमत देऊन शोधले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. समुद्राचे पाणी गावांत शिरले. टेलिफोन बंद पडले, बिनतारी यंत्रणाही कोलमडली. किनाऱ्यावरच्या गावांत काय घडले, हे राजधानी भुवनेश्वरला कळेना आणि भुवनेश्वरची खबर बाहेर जाईना. त्या दिवसांत छंद म्हणून रेडिओ संच चालवणाऱ्या हौशी मंडळींनी बॅटरीवर चालणाऱ्या संचांवरून निरोप पोहोचवले. या वादळात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली.

त्या दुःखातून ओडिशा शिकले. संकटाला तोंड देण्यासाठी वेगळी संस्था स्थापन झाली. किनाऱ्यावर वादळातही टिकतील अशी पक्की निवारागृहे बांधली गेली. १२२ ठिकाणी भोंग्यांचे मनोरे उभे राहिले. गावोगावी स्वयंसेवक तयार झाले.

३ मे २०१९ रोजी 'फनी' हे तीव्र चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले. त्याआधीच सुमारे २६ लाख लिखित संदेश लोकांच्या फोनवर गेले होते. भोंगे वाजले. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून सूचना आल्या. स्वयंसेवकांनी ध्वनिवर्धक घेऊन गल्लोगल्ली हाका दिल्या. ज्या म्हाताऱ्या आजीकडे फोन नव्हता, तिच्या दारावर कोणीतरी थाप मारली. सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवण्यात आले. वादळाने पुरीमध्ये विजेची आणि फोनची यंत्रणा मोडून टाकली. ती पूर्ववत व्हायला बरेच दिवस लागले. पण ओडिशात या वादळाने ६४ बळी घेतले. १९९९ च्या मानाने ही संख्या फारच कमी होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. २०१९ मध्येही फोन बंद पडलेच. पण निरोप त्याआधी पोहोचला होता आणि तो एकाच वाटेने आला नव्हता. फोन, रेडिओ, भोंगा आणि माणसाची हाक, एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी होती. १९९९ आणि २०१९ यांतील मोठा फरक हाच आहे.

मित्रांनो, हे काम केवळ सरकारचे नाही. आपणही आपल्या घरी तयारी करू शकतो. वादळाचा इशारा मिळताच फोन पूर्ण चार्ज करून ठेवा. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर आणि जादा सेल जवळ ठेवा, कारण आकाशवाणीचे केंद्र दूर असले तरी त्याचा आवाज ट्रान्झिस्टरवर ऐकू येऊ शकतो. महत्त्वाचे फोन क्रमांक आणि ११२ हा मदतीचा क्रमांक कागदावर लिहा. दुसऱ्या गावातील एका नातेवाइकाकडे सर्वांनी खुशाली कळवायची, असे आधीच ठरवा. वादळानंतर लांबलचक बोलू नका, "आम्ही सुखरूप आहोत" एवढाच लिखित संदेश पाठवा. आणि शेजारी कोणी वृद्ध किंवा एकटे राहत असेल, तर इशारा त्यांना स्वतः जाऊन सांगा.

'खबर' हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि आपल्या मराठीतही आहे. त्याच्यापासूनच 'खबरदार' शब्द झाला. ज्याच्याजवळ खबर आहे, तो खबरदार. वाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, पण खबर वेळेवर पोहोचवणे आपल्या हाती आहे. तिचे वाहक तुम्ही व्हा.

शब्दार्थ

बावटा – निशाण
मनोरा – मीनार
संपर्क – संबंध, राब्ता
खुशाली – खैरियत
निवारागृह – आसरा घेण्याची जागा
सुखरूप – सुरक्षित, सलामत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अकराव्या बावट्याचा अर्थ काय?
(आ) 'निसर्ग' चक्रीवादळ कोणत्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले?

२. कारणे लिहा.
(अ) वादळ गेल्यानंतर काही तासांनी मोबाइलचा मनोरा बंद पडतो.
(आ) वादळानंतर फोनवर बोलण्यापेक्षा लिखित संदेश पाठवणे चांगले.

३. १९९९ आणि २०१९ या दोन वादळांच्या वेळी लोकांपर्यंत निरोप पोहोचण्यात काय फरक होता, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.