पाटीवरचं ‘बॅप्टिस्ट’ आलं कुठून?



आजचं वाचन : १ करिंथ १:१०-१७ आणि ३:५-९

करिंथच्या मंडळीत पक्ष पडले होते. कोणी पौलाचं नाव घ्यायचं, कोणी अपुल्लोसाचं, कोणी केफाचं. ‘आम्ही थेट ख्रिस्ताचे’ म्हणणाराही एक गट होता, आणि माझा अंदाज असा की सगळ्यांत जास्त डोकेदुखी त्याच गटाची असावी. पौल त्यांना शेताचा दाखला देतो. एकानं लावलं, दुसऱ्यानं पाणी घातलं, पण वाढ देणारा देव. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कपाशी पेरून आभाळाकडं बघत बसणं काय असतं ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

अमरावती-अकोल्याकडची मुलं नोकरीसाठी पुण्याला येतात, नवीन फेलोशिपला जातात, आणि पहिल्याच रविवारी कोणीतरी विचारतं, “तुम्ही कोणत्या चर्चचे?” अमरावतीकडचा मुलगा म्हणतो, “बॅप्टिस्ट.” पुढं “का?” असं कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : घरचे आधीपासून बॅप्टिस्ट आहेत.

या उत्तरात एक अडचण आहे. बॅप्टिस्ट लोकांचं सगळं म्हणणंच असं, की विश्वास घरून मिळत नाही. ज्यानं त्यानं स्वतः ठरवायचं, आणि ठरवल्यावर पाण्यात उतरायचं. म्हणून ते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, त्याचं फक्त समर्पण करतात. मग आपण तीन-तीन पिढ्यांचे बॅप्टिस्ट कसे झालो? यासाठी आज वचनासोबत थोडा इतिहास वाचू.

पहिली गोष्ट. अचलपूर-मेळघाट भागातल्या जुन्या मंडळ्यांचं मूळ बघितलं तर तिथं ‘बॅप्टिस्ट’ हे नाव सापडत नाही. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली, आणि कापसामागून व्यापारी, अधिकारी, मिशनरी सगळे आले. १८७० च्या दशकात आल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन गृहस्थ एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, येऊन राहिले. त्यांच्या मदतीला जेनी फ्रो आल्या. लग्नानंतर त्या जेनी फुलर झाल्या आणि पती मार्कस फुलर यांच्याबरोबर अकोल्याला गेल्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. अकोल्याचं काम पुढं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडं गेलं, म्हणून अकोल्यात ‘अलायन्स’.

एलिचपूर आणि मेळघाटात कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन काम करू लागलं. कुर्कू म्हणजे कोरकू. ही मराठीच्या नात्यातली भाषा नाही, ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. या मिशनच्या जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचं व्याकरण लिहिलं, ते १९०३ साली कलकत्त्यात छापलं गेलं. छापखान्याचं नाव बॅप्टिस्ट मिशन प्रेस! मेळघाटाशी ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द असा आधी जोडला गेला तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर, खाली, छापखान्याचं नाव म्हणून. आणि मराठीचं म्हणाल तर त्याच्याही शंभर वर्षं आधी विल्यम केरी या बॅप्टिस्टानं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं बंगालमध्ये बसून १८०५ ला मराठीचं व्याकरण, १८१० ला कोश आणि १८११ ला मराठी नवा करार छापला होता. आपल्या मुलखात एकही बॅप्टिस्ट मंडळी नसताना आपल्या भाषेत बॅप्टिस्टांचं एवढं काम झालेलं होतं.

मग पाटी बदलली कधी? १९४३ मध्ये अमेरिकेत बॅप्टिस्टांच्या आपसांत सिद्धान्तावरून वाद झाला. परदेशी पाठवायचे मिशनरी नेमकं काय शिकवतात, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्यातून काँझर्वेटिव्ह बॅप्टिस्ट फॉरेन मिशन सोसायटी वेगळी निघाली. नव्या सोसायटीला काम करायला मुलूख हवा होता, इकडं जुन्या कुर्कू मिशनला आपलं काम कोणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. त्याच दशकात अचलपूर-मेळघाटचं काम या बॅप्टिस्टांकडं आलं. तिकडचा वाद आपल्या लोकांच्या कानावरही आला नसेल, पण त्यातून निघालेलं नाव त्यांच्या दारावर लागलं.

आजूबाजूला बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. मिशनांनी एकमेकांच्या कामात पाय अडकू नये म्हणून जिल्हे-तालुके वाटून घेतले होते. अकोला अलायन्सकडं, यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडं, वाशीम-बुलढाणा पुढं नाझरीन मंडळीकडं, आणि मेळघाट आधी कुर्कू मिशनकडं, मग बॅप्टिस्टांकडं. म्हणजे तुमचे पणजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते यावर तुमचं डिनॉमिनेशन ठरलं. गंमत म्हणजे अकोल्याचे अलायन्सवालेही विश्वास कबूल केलेल्या माणसालाच, पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. तेव्हा मूर्तिजापूरच्या अलीकडं-पलीकडं ‘तुम्ही वेगळे, आम्ही वेगळे’ करण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक बघायचा तर यवतमाळकडं बघा. मेथडिस्ट परंपरेत बाळाला बाप्तिस्मा चालतो. त्यावर स्तेफनाच्या ‘घरच्यां’चा दाखला (१ करिंथ १:१६) दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं वापरतात, आणि त्या घरात तान्हं बाळ होतं की नाही हे पौल सांगत नाही.

आता जरा अवघड भाग. १८९६-९७ ला दुष्काळ पडला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. दुसरा भयंकर होता. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड म्हणायचे, त्या वऱ्हाडात रस्त्यांच्या कडेला माणसं मेली. अलायन्सनं अकोल्यात अनाथ मुलांना आणि खामगावात मुलींना आसरा दिला. त्या मुलांपैकी पुष्कळ पुढं ख्रिस्ती झाली, शिकली, शिक्षक झाली, सुवार्तिक झाली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासूनचा आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा ऑफिसात कधीतरी ऐकलेला असतो.

यावर आपण चटकन चिडतो. माझं मत असं की चिडायच्या आधी प्रश्न नीट ऐकावा. उपाशी लेकराला ज्यानं भाकर दिली, त्याच्या देवाबद्दल ते लेकरू मोकळेपणानं ‘नाही’ म्हणू शकतं का? हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारणारा दरवेळी वैरी नसतो. स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळीला तर तो अधिकच टोचायला हवा, कारण तिचा सगळा पाया ‘स्वतःहून’ या शब्दावर आहे. भाकर देणं योग्यच होतं. ती दिली नसती तर मत्तय २५ वाचायचं तोंड राहिलं नसतं. पण भाकर देणारा आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असेल तर मध्ये वेळ जाऊ द्यावा लागतो. लेकरू मोठं व्हावं, त्याला रागावता यावं, सोडून जाता यावं, आणि मग त्यानं परत येऊन पाणी मागावं. जे मोठे झाल्यावर, आसऱ्याची गरज संपल्यावरही राहिले, त्यांची साक्ष मला म्हणूनच फार वजनदार वाटते.

आणि भाकरीचा हिशोब पुढं उलटा झाला, हे टोमणा मारणाऱ्यांनाही सांगायला हवं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. कोरकूंची गोष्ट वेगळी, अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. पण गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबाला पाण्यात उतरताना शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा काठावर ठेवून उतरावं लागतं. म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं उपासनेला येतात, भजन म्हणतात, प्रभुभोजनाच्या वेळी मात्र शांत बसून राहतात. त्यांना भित्रे म्हणण्याआधी आपण स्वतः काय सोडून पाण्यात उतरलो ते आठवून बघा. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माझ्यासारख्याचा हिशोब फारच स्वस्तात मिटला.

इतिहासात अजून एक मोठी गाळलेली जागा आहे. आम्ही प्रोग्रामवाले कोडची कुठलीही ओळ उघडून ती कोणी, कोणत्या दिवशी लिहिली ते बघू शकतो. मंडळीचं तसं नाही. नॉर्टन, फुलर, ड्रेक ही नावं राहिली, कारण ते अहवाल लिहीत होते, पुस्तकं छापत होते. त्यांच्याबरोबर बैलगाडीतून हिंडणारे मराठी आणि कोरकू सुवार्तिक, घरोघरी जाऊन बायकांना वचन वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया, चर्चची घंटा वाजवणारे, हे लोक अहवालात ‘एक स्थानिक मदतनीस’ एवढेच उरले. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय आपण नावांची यादी म्हणून भरभर ओलांडतो. फीबी, प्रिस्का, अक्विला, पर्सिस. पौलानं ती नावं लिहिली नसती तर रोमची मंडळी पौलानंच उभी केली असं आपण आज ठामपणे सांगत बसलो असतो. ती उभी राहिली तेव्हा तो रोमला पोचलासुद्धा नव्हता.

तेव्हा या ख्रिसमसला घरी जाल तेव्हा एक काम करा. मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजीजवळ किंवा आजोबांजवळ तासभर बसा. त्यांचा बाप्तिस्मा कुठं झाला विचारा : नदीत, विहिरीवर, की चर्चमधल्या हौदात? पाणी किती होतं? घरचे सोबत होते की रुसून घरी बसले होते? पाण्यात कोणी उतरवलं, आणि त्याच्याही आधी वचन पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं? मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आधी त्यांची परवानगी घ्या, आणि त्या बोलत असताना मध्ये मध्ये दुरुस्त्या करू नका. पाळकसाहेबांकडं जुनं बाप्तिस्मा रजिस्टर असेल तर त्यांना सांगून त्याच्या पानांचे फोटो काढून ठेवा. वऱ्हाडातल्या उन्हा-पावसात कागद फार टिकत नाही.

उद्याचं वाचन : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०. रानातला रस्ता, रथात बसून मोठ्यानं वाचणारा एक परदेशी अधिकारी, आणि पाणी दिसल्यावर त्यानं स्वतःहून विचारलेला प्रश्न.