जाळं अडकू नये म्हणून

ताईंनो, कुरकुंभहून सोलापूर रस्त्याने भिगवणला गेलं की उजनीचं पाणी लागतं. पाण्याखाली बाभळीची खोडं, जुने बांध आहेत; जाळं अडकतं ते तिथंच. जाळं फाटलं की मासळी जाते, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही.

१. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खोडं उघडी पडतात. तेव्हाच जागा वहीत लिहा, काठावरची खूण धरा.
२. पाणी भरल्यावर त्या जागा सोडून जाळं लावा. खालची दोरी तळाला टेकू देऊ नका.
३. अडकलंच तर हिसका नको. होडी पलीकडे नेऊन उलट्या बाजूने ओढा. एकटीने पाण्यात उतरू नका.
४. तुटका तुकडा बाहेर काढा. त्यात मासे अडकून फुकट मरतात.

पुढच्या बैठकीला वही आणा, खुणा एकमेकींना सांगा.