जालंधरची मैफल

गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि तो वेडावून गेला. असे गाणे शिकविणारा गुरू शोधण्यासाठी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. जवळ पैसे नव्हते. आगगाडीतील उतारूंना गाणी ऐकवीत तो ग्वाल्हेर, कलकत्ता असे करीत पंजाबात जालंधरला पोहोचला.

तेथे १८७५ पासून दर हिवाळ्यात हरवल्लभ संगीत मेळा भरतो. ध्वनिमुद्रिकेतील गाणे तीन मिनिटांत संपे. येथे मात्र कडाक्याच्या थंडीत गवई एकच राग कितीतरी वेळ उलगडीत. या मेळ्यात त्यास पंडित विनायकबुवा पटवर्धन भेटले. त्यांना नवल वाटले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व गदगजवळच कुंदगोळला राहत असता या मुलाने इतक्या दूर का यावे?

मुलगा घरी परतला. १९३६ साली सवाई गंधर्वांनी त्यास शिष्य केले. गुरू घराजवळच होते; परंतु त्यांची वाट जालंधरला कळली!

तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली त्यांनी पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. तेथेही आज गावोगावचे प्रवासी गाणे ऐकावयास येतात.