पाठ १८ : मसुदा यंत्राचा, शब्द आपला

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, चौकशीपत्र, मागणीपत्र आणि तक्रारपत्र हे व्यावहारिक पत्रांचे प्रकार तुम्हांला परिचित आहेत. जुन्या मराठी पत्राचा आरंभ बहुधा ‘स.न.वि.वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ या अक्षरांनी होत असे. पोस्टकार्डाची जागा आता ई-मेलने घेतली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लहान व्यावसायिकांच्याही हाती आली. एकाच वेळी अनेक ग्राहकांना ई-मेल पाठवण्याच्या मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स यांसारख्या सेवांतही अशी सोय झाली. या साधनांचा उपयोग करताना पत्रलेखकाची जबाबदारी कोणती, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• यंत्राने लिहिलेल्या मसुद्यातील चुकीची विधाने ओळखू शकाल;
• जाहिरातपर पत्राची भाषा ग्राहकाला साजेशी करू शकाल;
• ग्राहकाच्या संमतीचे महत्त्व सांगू शकाल;
• चूक मान्य करणारे पत्र स्पष्ट शब्दांत लिहू शकाल.

१८.१ मूळ पाठ

एक उदाहरण घेऊ. इंदूरमध्ये एका मराठी बाईंचा मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी हे पदार्थ त्या करतात. वीस वर्षांत जोडलेल्या ३४० ग्राहकांची नावे त्यांच्या वहीत आहेत. त्यांतील काही कुटुंबे पुण्याला, काही हैदराबादला, तर काही परदेशी गेली; पण मसाला मात्र इंदूरहूनच मागवत राहिली. दिवाळी जवळ आली, तेव्हा भाच्याने बाईंना एक नवे साधन दाखवले. बाईंनी त्यात एवढेच लिहिले : ‘घरगुती गोडा मसाला, दिवाळी, दहा टक्के सवलत, ग्राहकांना पत्र लिही.’ काही क्षणांत पुढील मसुदा तयार झाला :

विषय : फक्त आज! आपल्या स्वयंपाकघरात जादू आणा!
प्रिय ग्राहक, या दिवाळीत आमच्या शंभर टक्के सेंद्रिय गोडा मसाल्यासोबत चवीचा प्रवास सुरू करा. पूर्णपणे नैसर्गिक आणि सर्वांसाठी सुरक्षित! हजारो कुटुंबांचा विश्वास. तुझी ऑर्डर आजच नोंदवा.

मसुदा चटपटीत होता. बाईंच्या हाताला मसाल्याचे काम होते, वेळ थोडा होता. त्यांनी तो ओझरता वाचला आणि पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत मागण्या येऊ लागल्या. रात्री एका जुन्या ग्राहक बाईंचा दूरध्वनी आला.

“ताई, तुमच्या मसाल्यात तीळ असायचे ना? आमच्या नातवाला तीळ सोसत नाहीत. अंगाला सूज येते, श्वास लागतो. म्हणून तो आला की मी तुमचा मसाला वापरत नाही. पण पत्रात सर्वांसाठी सुरक्षित असे लिहिले आहे. आता तीळ घालत नाही का?”

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “नाही हो काकू, तीळ आहेत. त्याला मुळीच देऊ नका. बरे झाले, विचारलेत.”

काकूंनी विचारले म्हणून अनर्थ टळला. न विचारणारे आणखी किती असतील, या विचाराने बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. ते वाक्य त्यांनी लिहिले नव्हते. परंतु त्याखाली नाव त्यांचे होते.

सकाळी त्यांनी माफीचे पत्र लिहावयास घेतले. यंत्राने त्याचाही मसुदा दिला : ‘काही तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ बाईंनी तो बाजूला ठेवला. कारण तांत्रिक नव्हते आणि गैरसमजही ग्राहकांचा नव्हता. त्यांनी स्वतः लिहिले :

विषय : महत्त्वाची दुरुस्ती – आमच्या गोड्या मसाल्यात तीळ आहेत
स.न.वि.वि.
काल मी पाठवलेल्या पत्रात आमचा गोडा मसाला ‘सेंद्रिय’ आणि ‘सर्वांसाठी सुरक्षित’ असल्याचे म्हटले होते. ते खरे नाही. या मसाल्यात तीळ, सुके खोबरे आणि खसखस आहे. ज्यांना यांपैकी काही सोसत नाही, त्यांनी तो खाऊ नये. धने-जिरे मी बाजारातून निवडून आणते. त्यांना सेंद्रिय असल्याचे प्रमाणपत्र नाही. सवलत दिवाळीपर्यंत आहे, एका दिवसापुरती नाही. कालची मागणी रद्द करावयाची असल्यास पूर्ण रक्कम परत करीन. मजकूर न तपासता पाठवला, ही चूक माझी आहे. पुढे आमची पत्रे नको असल्यास उत्तरादाखल ‘नको’ एवढेच कळवावे.

त्या दिवशी सात मागण्या रद्द झाल्या. बाईंनी सातही ग्राहकांचे पैसे परत केले.

पाठगत प्रश्न १८.१
१. काकूंनी दूरध्वनी का केला?
२. माफीचा यांत्रिक मसुदा बाईंनी का नाकारला?

१८.२ विवेचन

(अ) यंत्र चुकीचे का लिहिते?
अशी साधने प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून तयार केलेली असतात. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज ती बांधतात. जाहिरातींत ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या सोबतीला ‘सुरक्षित’ हा शब्द वारंवार येतो, म्हणून तो येथेही आला. मसाल्यात काय आहे, हे बाईंनी सांगितले नव्हते. माणूस अशा वेळी अडतो आणि विचारतो. यंत्र बहुधा रिकामी जागा भरून टाकते. म्हणून सूचना देतानाच घटक, वजन, किंमत, सवलतीची मुदत हा तपशील द्यावा आणि ‘येथे दिलेल्या माहितीपलीकडे कोणताही दावा करू नये’ असे स्पष्ट लिहावे. तरीही अंतिम वाचन आपणच करावे.

(आ) सत्याची कसोटी
मसुद्यातील प्रत्येक विधानाखाली रेघ ओढून ‘हे मी सिद्ध करू शकेन का?’ असे स्वतःला विचारावे. तीनशे चाळीस ग्राहक असताना ‘हजारो कुटुंबे’ हे असत्य आहे. खाद्यपदार्थांविषयी फसवे दावे करण्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांनुसार दंडाची तरतूद आहे. ‘मजकूर यंत्राने लिहिला’ असे सांगून विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही.

(इ) भाषेची कसोटी
‘चवीचा प्रवास सुरू करा’ ही रचना परभाषेतून शब्दशः आलेली आहे; मराठी माणूस असे बोलत नाही. ‘गोडा मसाल्यासोबत’ नव्हे, ‘गोड्या मसाल्यासोबत’ हे सामान्यरूप योग्य होय. ‘आपल्या’ म्हणून आरंभ करून ‘तुझी ऑर्डर नोंदवा’ असा शेवट करणे हा आदरार्थी रूपांतील घोटाळा आहे. मसुदा मोठ्याने वाचावा. समोर बसलेल्या ग्राहकाला जे वाक्य आपण म्हणणार नाही, ते पत्रातही नसावे.

(ई) संमतीची कसोटी
मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना संगणकीय जाळ्यावरून एकच जाहिरात पाठवली. न मागता आलेल्या जाहिरातपर ई-मेलचे हे पहिले उदाहरण मानले जाते. तेव्हाही अनेकांनी तक्रार केली होती. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे या कायद्याचे एक सूत्र आहे. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. मराठी ही त्यांपैकी एक आहे. मसुदा मागताना ग्राहकांची नावे, पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक यंत्राला देण्याचीही गरज नसते. नावाची जागा कोरी ठेवून काम भागते.

(उ) यंत्राचा योग्य उपयोग
याचा अर्थ साधन टाकून द्यावे असा नाही. लांबलेले पत्र आटोपशीर करणे, एका विषयासाठी पाच-सहा शीर्षके सुचवणे, मराठी पत्राची इंग्रजी किंवा हिंदी प्रत तयार करणे, शुद्धलेखनाकडे लक्ष वेधणे या कामांत त्याची चांगली मदत होते. मात्र ‘किती जणांनी पत्र उघडले’ या आकड्यावर फार विसंबू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेल सेवेतील गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेली पत्रेही उघडलेली म्हणून मोजली जाऊ शकतात. आलेली उत्तरे आणि मागण्या हेच अधिक खात्रीचे माप होय.

पाठगत प्रश्न १८.२
योग्य की अयोग्य ते लिहा.
१. यंत्राने लिहिलेल्या दाव्याची जबाबदारी विक्रेत्यावर नसते.
२. मसुद्यासाठी ग्राहकांची पूर्ण यादी यंत्राला देणे आवश्यक असते.

तुम्ही काय शिकलात

• यंत्र मसुदा देते. त्यातील माहितीची हमी देत नाही.
• पत्र पाठवण्यापूर्वी सत्य, भाषा आणि संमती या तीन कसोट्या लावाव्यात.
• चूक झाल्यास ती नेमकी सांगावी, कर्ता लपवू नये आणि भरपाई करावी.

पत्र कोणीही लिहिलेले असो, ग्राहक विश्वास ठेवतो तो खालच्या नावावर. ते नाव वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून उभे राहिलेले असते.

स्वाध्याय

१. ‘गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत’ आणि ‘ही चूक माझी आहे’ या दोन वाक्यांतील फरक पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एखाद्या लहान व्यावसायिकासाठी सणानिमित्त ८० ते १०० शब्दांचे पत्र लिहा. त्यातील प्रत्येक विधान त्यांना विचारून खात्री करून घ्या.
३. सात मागण्या रद्द झाल्या, तरी बाईंचा निर्णय योग्य होता असे तुम्हांला वाटते का? सकारण लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१८.१ – १. नातवाला तीळ सोसत नसताना पत्रात मसाला सर्वांसाठी सुरक्षित असल्याचे लिहिले होते म्हणून. २. त्यात खरे कारण आणि स्वतःची जबाबदारी मान्य केलेली नव्हती म्हणून.
१८.२ – १. अयोग्य. २. अयोग्य.