चुकलेली पायरी

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणित भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती यांना प्रत्येकी 40 गुण, तर अंतर्गत मूल्यमापनाला 20 गुण असतात. पदविका अभियांत्रिकी आणि आयटीआय यांचे प्रवेश दहावीच्या गुणांवर ठरत असल्याने उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील पालकांची काळजी या 100 गुणांभोवती फिरते. त्या काळजीपोटी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो उत्तर जुळले का हा. खरे तर उत्तर चुकले असेल तर नेमक्या कोणत्या ओळीत, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

शाब्दिक उदाहरणात बहुतेक चुका पहिल्याच ओळीत होतात. जीन्स शिवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या उल्हासनगरातील एखाद्या कारागिराला 3 पँट व 2 शर्टांची शिलाई 340 रुपये आणि 2 पँट व 3 शर्टांची 310 रुपये मिळते असे मानले, तर x म्हणजे ‘पँट’ असे लिहिणारा विद्यार्थी पुढे अडखळतो, कारण चल ही वस्तू नसून अज्ञात संख्या असते. येथे x म्हणजे एका पँटची शिलाई आणि y म्हणजे एका शर्टाची. दोन्ही समीकरणांचे एकाच वेळी समाधान करणाऱ्या किमती शोधायच्या असल्याने त्यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात. त्यांची बेरीज केल्यास 5x + 5y = 650, म्हणजे x + y = 130, आणि वजाबाकी केल्यास x − y = 30 मिळते; म्हणून x = 80 व y = 50. या किमती मूळ समीकरणांत घालून पाहण्याला ताळा म्हणतात, आणि तो गणित न येणाऱ्या पालकालाही करून घेता येतो.

भूमितीत दिलेली माहिती म्हणजे पक्ष, सिद्ध करायचे ते साध्य, आणि त्या दोहोंना कारणांसह जोडणारा मार्ग म्हणजे सिद्धता होय. गाईडमधून सिद्धता उतरवून काढणाऱ्याची कारणेच प्रथम गळतात; समरूप त्रिकोणांत शिरोबिंदूंचा क्रम चुकला, तर बाजूंची गुणोत्तरेही चुकतात.

 

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाऊ इच्छिणाऱ्या टर्नरला, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्या कारागिराला, हीच भूमिती पुन्हा भेटते. 100 मिलिमीटर लांबीत 50 मिलिमीटर व्यास 40 पर्यंत निमुळता करायचा असेल, तर अक्षाशी होणाऱ्या कोनाचा टॅन 5 भागिले 100, म्हणजे 0.05 असतो आणि कोन सुमारे 2.86 अंश येतो. त्रिज्येऐवजी व्यासांतील फरक घेतला, तर कोन जवळजवळ दुप्पट होतो आणि तो लोखंडाचा तुकडा भंगारात जातो. वहीत मात्र तीच चूक खोडरबराने पुसता येते.