मेंदी, गोंदण आणि तोरा



फ्रीमाँट येथे आमच्या नात्यातील एका लग्नाची मेंदी होती. नवरदेवाच्या उजव्या तर्जनीला मेंदी लागली, गाणी झाली, पण एक विशीतला मुलगा कोपऱ्यातून उठेना. कारण विचारता त्याने बाही वर केली. दंडावर मागेन दाविद गोंदलेला! म्हणाला, "आजी म्हणते, आता मला आपल्या कबरस्तानात जागा नाही. पण मेंदी चालते, मग हे का नाही?" प्रश्न रास्त होता, म्हणून हा पाठ.

प्रथम फरक पाहू. मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते कातडीच्या अगदी वरच्या थराला धरते. तो थर झडतो, तशी दोन-तीन आठवड्यांत मेंदी जाते. गोंदणात सुई तो थर भेदून शाई खाली सोडते, आणि ती जन्मभर राहते. कोकणात शेजारणींच्या हातांवरचे हिरवे गोंदण आपण पाहिलेलेच आहे.

आता तोरा. वायिक्रा 19:28 मध्ये गोंदून घेण्यास मनाई आहे. मिश्ना (मक्कोथ 3:6) खुलासा करते, की नुसते वर लिहिणारा किंवा नुसते टोचणारा शिक्षेस पात्र नाही. टोचून त्यात टिकाऊ रंग भरणारा पात्र आहे. मेंदीत टोचणे नाही. नथीसाठी नाक टोचतात, पण त्यात रंग नाही. रिबकेच्या नाकात तर अब्राहामच्या सेवकानेच नथ घातली (बेरेशीथ 24:47). शीर हाश्शिरीम 1:14 मधील एन-गेदीचे 'कोफेर' म्हणजे मेंदीच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. येमेन व मोरोक्कोच्या यहुदी घरांतही लग्नाआधी मेंदी लावतात.

राहिले कबरस्तान. गोंदलेल्यास दफन नाकारावे असा नियम हलाखात नाही. ती ऐकीव समजूत आहे. ज्याला दुसऱ्याने बळजबरीने गोंदले, त्याच्यावर तर दोषही नाही (शुल्हान आरूख, योरे देआ 180). आऊशवित्झमध्ये आपल्या बांधवांच्या हातांवर नंबर गोंदले गेले, हे विसरू नये.

एक इशारा. खरी मेंदी काळी नसते. आधी नारिंगी, मग तांबूस तपकिरी होते. 'काळ्या मेंदी'त बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळतात. आम्ही एकदा घाईत तसला कोन लावला आणि बोटावर फोड आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेंदीला केसांच्या रंगासाठीच मान्यता दिली आहे, थेट कातडीवर लावण्यासाठी नाही. म्हणून पाने वाटून किंवा शुद्ध पूड भिजवून घरीच मेंदी करावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या आजीला फोन केला. सर्व ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी पोराला उगाच भिवविले." आमचे सांगणे एवढेच: गोंदू नये हे मुलांना वेळीच शिकवावे, पण गोंदलेच, तर मेंदीच्या ताटापासून त्यांना दूर ठेवू नये.